तुतीच्या कोपऱ्यात

बंगळूरमधल्या शिवाजीनगरच्या आमच्या चर्चनं होसकोट्यापलीकडच्या एका खेड्यातल्या लहान मंडळीला हातभार लावायचं ठरवलं, तेव्हा मला कुणी बोलावलं नव्हतं. तिकडे गाणारे हवे होते, मुलांचा वर्ग घेणारे हवे होते आणि मुख्य म्हणजे कन्नड येणारे हवे होते. मला यातलं काहीच येत नव्हतं. पण रविवारी दुपारी सगळ्यांना गाडीनं नेऊन आणायला कुणी तयार होईना. नवरा आठवडाभर बेळ्ळंदूरच्या ऑफिसात अडकलेला आणि रविवारी झोपलेला, मुलगी शिकायला बाहेरगावी. मी म्हटलं, मी नेते.

माझे वडील नगर जिल्ह्यात शाळामास्तर होते आणि रविवारी सायकलनं वाड्यावस्त्यांवर उपासना घ्यायला जात. मागच्या कॅरिअरवर बसून मीही जायची. त्यामुळे खेड्यातली मंडळी मला नवी नव्हती. पण ती मराठी होती. इथं पत्र्याच्या खोलीत सतरंजीवर बसून मी कन्नड ऐकायची आणि आमेन तेवढं सगळ्यांबरोबर म्हणायची. तिथले पाळक आठवडाभर बोअरवेलच्या मोटारी दुरुस्त करत. उपदेश करतानाही त्यांच्या नखांत ग्रीस असायचं. पाळकीणबाई माझ्याशी हिंदीत बोलायच्या, मी त्यांच्याशी मोडक्या कन्नडमध्ये, आणि दोघींचं बरं चालायचं.

एका रविवारी उपासना संपल्यावर मी अंगणात उभी राहून नवऱ्याला फोनवर सांगत होते, "आमटी फ्रिजमध्ये आहे, गरम करून घे." कुंपणापाशी एक बाई डोक्यावर तुतीच्या पाल्याचा भारा घेऊन उभी होती. तिनं भारा खाली टाकला.

"तुमी मराठी?"

मी दचकलेच. म्हटलं, "हो. तुम्ही?"

"आमी मराठेच. म्हाताऱ्याच्या म्हाताऱ्याच्याबी आदी आले म्हन हिकडं. कुटनं आले ते ठावं न्हाई." मग ती हसली. "तुमचं मराठी लई सपाट. पन कळतंय."

ती लेकीला न्यायला आली होती. स्वतः कधी खोलीत पाऊल टाकलं नाही. उपासना चालू असेतोवर बाहेर दगडावर बसायची. लेक तिशीतली, होसकोट्याच्या एका गारमेंट कारखान्यात शिलाई करणारी, सडपातळ, मोठ्या डोळ्यांची. तिची दोन्ही मूत्रपिंडं निकामी झाल्याचं त्याच वर्षी कळलं होतं. लग्न ठरलं होतं, ते मोडलं. कारखाना सुटला. आठवड्यातून दोनदा शहरात डायलिसिसला जावं लागायचं, आणि घरात रेशमाचे किडे असल्यामुळे आईला दर वेळी निघणं शक्य नव्हतं. किड्यांना वेळच्या वेळी पाला लागतो. तेव्हा पाळकीणबाईंनी ते काम अंगावर घेतलं. पहाटेच्या बसनं त्या तिला घेऊन यायच्या. त्यातूनच लेक उपासनेला येऊ लागली होती.

हॉस्पिटल के. आर. पुरमला, आमच्या घरापासून फार लांब नव्हतं. मी म्हटलं, डायलिसिस झाल्यावर लगेच बसमध्ये कशाला बसता, माझ्याकडे पडा थोडा वेळ. मग तो रिवाजच झाला. दुपारी ती आमच्या सोफ्यावर पाय पोटाशी घेऊन झोपायची. पंखा लावू द्यायची नाही, थंडी वाजते म्हणायची. पाळकीणबाई स्वयंपाकघरात माझ्याबरोबर भाजी निवडायच्या. उठल्यावर ती अर्धा कप कॉफी घ्यायची, कारण त्याहून जास्त पाणी पोटात जाऊन चालत नव्हतं, आणि तो अर्धा कप इतका सावकाश प्यायची की बघणाऱ्याला तहान लागावी.

घरात मराठी बोलत असली तरी तिला मराठी वाचता येत नव्हतं, शाळा कन्नडमधली. एकदा मी प्रार्थना मराठीत केली. तिनं डोळे उघडून माझ्याकडे पाहिलं.

"देवाला ही भाषा येतीया?"

"का येणार नाही?"

"मला वाटलं, देवाशी कन्नडमध्ये बोलायचं आन् आईशी मराठीत."

त्यानंतर ती मराठीत प्रार्थना करू लागली. तिच्या प्रार्थना छोट्या असायच्या. आईचे गुडघे बरे कर. या वेळचं पीक बिघडू देऊ नकोस. स्वतःसाठी तिनं काही मागितलेलं मी ऐकलं नाही. मनात मागत असेल.

पुढच्या उन्हाळ्यात तिनं बाप्तिस्मा मागितला. पाळक सावध माणूस होते. गावात आधीच कुजबुज होती, आणि दिवसही असे की असल्या गोष्टीवरून पोलीस दारात यायला वेळ लागत नाही. ते तिला म्हणाले, "तू जाणती आहेस, तुझं तू ठरवू शकतेस. पण आईला विचारल्याशिवाय मी तुझ्या डोक्यावर पाणी घालणार नाही."

आम्ही तिच्या घरी गेलो. पुढची खोली माणसांची, मागची मोठी खोली किड्यांची. बांबूच्या मोठ्या ताटांमध्ये पांढरे किडे पाल्यावर पसरलेले. त्या वासाची सवय व्हावी लागते. आई ताटं बदलत होती. पाळकांनी कन्नडमध्ये सगळं सांगितलं. तिनं ऐकलं आणि माझ्याकडे वळून मराठीत विचारलं, "तंगी, खरं सांग. हिचं नाव बदलणार?"

कन्नडमध्ये धाकट्या बहिणीला तंगी म्हणतात. ती मला तसंच हाक मारायची, आणि मी तिला अक्का म्हणायची.

"नाही अक्का. नाव तेच राहील."

"कुंकू पुसणार?"

"कुणी पुसणार नाही. तिनं ठरवायचं."

"बरी होईल म्हन सांगितलंय काय तुमी तिला?"

मी पाळकांना विचारलं. त्यांनी मान हलवली. "आम्ही असं कधी सांगितलं नाही. सांगणारही नाही."

ती बराच वेळ पाला पसरत राहिली. मग म्हणाली, "मग कशाला पायजे तिला हे?"

लेक दाराशी उभी होती. तीच बोलली. "आई, तिथं मला कुणी आजारी म्हनत न्हाई. नावानं हाक मारत्यात."

आईनं हात धुतले. "सरी," म्हणजे बरं, एवढंच म्हणाली.

लेकीच्या गळ्याशी डायलिसिसची नळी होती, ती भिजवायची नव्हती. म्हणून तळ्यात बुडवणं शक्य नव्हतं. डोक्यावरच पाणी ओतायचं ठरलं. त्या रविवारी आई पहिल्यांदा खोलीच्या उंबऱ्यात आली, हातात पितळी तांब्या. पाळकांपुढे धरून म्हणाली, "ह्यो चालंल? देवघरातला न्हवं. प्यायच्या पाण्याचा." पाळकांनी दोन्ही हातांनी घेतला. पाणी ओतलं तेव्हा लेक हसत होती आणि आई उंबऱ्याबाहेर पाठ करून उभी होती.

थंडी सुरू व्हायच्या सुमाराला लेक गेली.

त्या दिवशी सकाळपासूनच तिला धाप लागली होती. बस सोडून पाळकीणबाईंनी गावातूनच रिक्षा केली. के. आर. पुरमच्या पुलापाशी नेहमीसारखी वाहनं तुंबलेली. पाळकीणबाईंचा मला फोन आला, "सिस्टर, आम्ही पुलाच्या अलीकडे आहोत, ही डोळे उघडत नाही." गाडी काढून उपयोग नव्हता. मी चपला घालून पळत निघाले. रिक्षा सापडली तेव्हा रिक्षावाला खाली उतरून पुढच्या टेम्पोच्या पत्र्यावर हात आपटत ओरडत होता, आणि मध्येच मागे वळून, "अम्मा, स्वल्प तडी, स्वल्प तडी," थोडं थांबा, थोडं थांबा, असं त्या पोरीला सांगत होता. तिचं डोकं पाळकीणबाईंच्या मांडीवर होतं. मी तिचा हात धरला. हात गार होता, थंडीनं म्हणावा तर अंगाला घाम. मी मराठीत काय बोलले ते मला आठवत नाही. हॉर्न इतके वाजत होते की तिला काही ऐकू गेलं असेल असं वाटत नाही. कुणीतरी ट्रॅफिक पोलिसाला बोलावलं, वाट झाली, पण हॉस्पिटलच्या दारात डॉक्टरांनी फक्त हात लावून पाहिलं.

रिक्षावाला आमच्याबरोबर शेवटपर्यंत थांबला. भिंतीला टेकून लहान मुलासारखा रडत होता. आम्हा कुणाला त्याचं नाव विचारायचं सुचलं नाही.

तिला गावात आणलं तेव्हा अंगण भरलेलं होतं. तिचा चुलता, मेलेल्या वडिलांचा धाकटा भाऊ, भावकीतला मोठा माणूस. तो वाईट नव्हता. आजारपणात त्यानं धान्य पाठवलं होतं, एकदोनदा स्वतःच्या मोटारसायकलवरून तिला हॉस्पिटलात नेलं होतं. तो आईपुढे बसून म्हणाला, "वहिनी, आपल्या रीतीनं अग्नी देऊ या. हितनं पुढं यांचं काम न्हाई."

"तिनं माती मागितली होती," आई म्हणाली.

"मसणवट आपल्या सगळ्यांची हाय. तिथं यांची प्रार्थना झाली तर भावकीतले उद्या मला विचारतील."

पाळक गावात नाही तर निदान आसपास कुठं पुरता येईल का, यासाठी फोन करत होते. आमच्या लोकांसाठी त्या गावाला दफनभूमी नव्हती. तालुक्याच्या गावात एक होती, ती दुसऱ्या पंथाची. त्यांनी नम्रपणे सांगितलं, आमच्या सभासदांनाच जागा पुरत नाही. शहरातल्या आमच्या चर्चच्या वडीलधाऱ्यांना मी फोन केला. ते म्हणाले, कमिटीला विचारावं लागेल, उद्या सांगतो. मी अंगणात फोन धरून उभी, आणि आत ती मुलगी चटईवर. इतक्या वर्षांच्या उपासना, गाणी, नव्या गावांत जाण्याच्या योजना. आणि आपल्याच एका माणसाला ठेवायला आपल्याकडे हातभर जमीन नाही, हे मला त्या दिवशी कळलं.

शेवटी आईच उठली. "माज्या तुतीत," ती म्हणाली. "माजी जमीन हाय. तिथं मला कोन इचारनार?"

चुलता म्हणाला, "वहिनी, पिकाची जमीन ती. पोट हाय तुमचं."

"पोटचीच हाय ती," आई म्हणाली, आणि विळा घेऊन चालायला लागली.

कोपऱ्यातली तुतीची झुडपं तिनं स्वतः छाटली. तुतीची मुळं खोल जातात. पाळक आणि मंडळीतले चार पुरुष कुदळी घेऊन खणत होते, आणि प्रत्येक घावाला मुळं आडवी येत होती. पाळकांच्या हाताची सालपटं निघाली. चुलता बांधावर उभा राहिला. खाली उतरला नाही, पण निघूनही गेला नाही. पाळकांनी कन्नडमध्ये प्रार्थना केली. मग ते माझ्याकडे वळून म्हणाले, "सिस्टर, मराठीत करा. ती मराठीत करायची." मी उभी राहिले, दोन वाक्यं झाली आणि पुढचं माझ्याच्यानं बोलवेना. पाळकीणबाईंनी माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि त्यांनी कन्नडमध्ये ती प्रार्थना पुरी केली.

आईनं मूठभर माती टाकली आणि सरळ दुसऱ्या बाजूच्या तुतीत शिरून पाला कापायला लागली. आधी कुणाला कळलंच नाही. शेजारची एक बाई म्हणाली, "अक्का, सुतकात किड्यांना हात लावू नये."

"त्यांचा शेवटचा ताप उतरलाय," ती कापत कापत म्हणाली. किडे कात टाकायला अन्न सोडून पडतात त्याला ते लोक ताप म्हणतात. त्यानंतर त्यांना भयंकर भूक लागते. "सकाळपासनं उपाशी हाईत. त्यांना सुतक काय ठावं?"

मी साडी खोचून तिच्याबरोबर पाला वेचला. मागच्या खोलीत दोघींनी तो ताटांवर पसरला. किडे लगेच खायला लागले, सगळी खोली त्यांच्या चावण्यानं कुरकुरायला लागली. ती त्या आवाजात भिंतीशी बसली आणि तेव्हा पहिल्यांदा मोठ्यानं रडली. मी शेजारी बसले.

त्यानंतर ती खोलीच्या उंबऱ्यालाही आली नाही. दगडावर बसायचं कारण उरलं नव्हतं. मी दर रविवारी उपासना झाली की तिच्याकडे जायची. ती चटई टाकायची, कॉफी करायची. भावकीनं तिला वाळीत वगैरे टाकलं नाही; फक्त लग्नाकार्यात आमंत्रण उशिरा यायला लागलं, सणाला कुणी आत येऊन बसेना. एकदा मी तिला विचारलं, "अक्का, आमच्यावर राग आहे का?"

"तुमच्यावर न्हाई."

"देवावर?"

ती चूल फुंकत होती. "तुमच्या देवाशी माजं काय भांडन न्हाई, तंगी. पन तिला तुमी दिलंसा काय आन् माज्यापासनं नेलंसा काय, ते मला अजून कळंना."

मी तिच्या हातातली फुंकणी घेतली आणि चूल फुंकू लागले.

पुढच्या वर्षी शहरातल्या चर्चमध्ये खेड्यांतल्या कामाचा मेळावा होता. वडीलधाऱ्यांपैकी एकांना वाटलं, त्या आईला बोलवावं. मुलीच्या विश्वासाची साक्ष तिच्या तोंडून यावी. मी नको म्हटलं. त्यांनी पाळकांना फोन केला. पाळकीणबाईंनी तिला विचारलं आणि, मला आश्चर्य वाटलं, ती तयार झाली. "बघू तरी, कुनात मिसळली होती माजी पोर," म्हणाली.

ती लग्नातली साडी नेसून आली. शिवाजीनगरच्या बसस्टँडच्या गर्दीतून माझा हात घट्ट धरून चालली. चर्चमधल्या उंच छताकडे, रंगीत काचांकडे, बाकांवर बसलेल्या इतक्या माणसांकडे बघत राहिली. तिच्या हातात माइक दिला. मी इंग्रजीत सांगायला शेजारी उभी. पुढच्या रांगेत काहीजण आधीच डोळे पुसायच्या तयारीत होते.

ती म्हणाली, "माजी एकच लेक होती. ती गेली. ती गेली तवा ह्या बाईनं माज्या किड्यांना पाला घातला. आन् ती दुसरी बाई, तिच्या मांडीवर माज्या पोरीचं डोस्कं होतं. तुमी बाकीचे कोन, मला ठावं न्हाई."

आणि तिनं माइक परत दिला.

मी जसंच्या तसं इंग्रजीत सांगितलं. मग एकानं घाईघाईनं गाणं सुरू केलं. परतताना गाडीत ती एवढंच म्हणाली, "चुकलं काय माजं?"

"नाही अक्का."

"मोटं हाय तुमचं देऊळ. तिला आवडलं असतं."

त्या मेळाव्यानंतर आमच्या चर्चनं एक काम मात्र केलं. खेड्यातल्या मंडळ्यांसाठी दफनाची जागा मिळावी म्हणून तालुक्याच्या कचेरीत अर्ज केला. मी आणि पाळक कितीतरी वेळा तिथं जाऊन बसलो. अजून जागा मिळालेली नाही.

अक्का मागच्या वर्षी गेली. साधा ताप आला, कुणाला सांगितलं नाही, पाला कापत राहिली. ती गेल्याचं आम्हाला कळलं तेव्हा तिला अग्नी देऊन झाला होता आणि अस्थीही नदीत सोडून झाल्या होत्या. पाळकांनी हे फोनवर सांगितलं. त्यांना वाटत होतं की निदान खांदा द्यायला तरी बोलावतील.

आम्ही तिघं गेलो. चुलता ओसरीवर बसला होता, डोकं भादरलेलं. मुलगा नव्हता म्हणून त्यानंच सगळं केलं होतं. आम्हाला बघून तो उठला. मला वाटलं, जा म्हणेल. तो पाळकांना म्हणाला, "कळवायला पायजे होतं. भावकीपुढं धीर झाला न्हाई."

पाळक म्हणाले, "तुम्ही तिचं नीट केलंत ना?"

"केलं. सगळं केलं." मग तो माझ्याशी मराठीत बोलला, तिच्यासारख्याच मराठीत. "एक गोष्ट मनातनं जात न्हाई, बाई. वहिनी शेवटच्या दिवशी तुतीकडं बघत व्हती. मला वाटलं, पाल्याचं म्हनती. किड्यांचं म्हनती. लेकीजवळ ठेव म्हनत व्हती का, ते मी इचारलं न्हाई. आता कुनाला इचारू?"

मी म्हटलं, "त्या पाल्याचंच म्हणत असतील, अण्णा. त्यांना किड्यांची काळजी असायचीच."

त्यानं माझ्याकडे नीट पाहिलं. माझ्या बोलण्यावर त्याचा विश्वास बसला नव्हता. पण त्यानं मान हलवली.

तो आम्हाला शेतात घेऊन गेला. जमीन आता त्याच्याकडे आली होती, आणि रस्त्यापलीकडच्या जमिनींवर घरांच्या प्लॉटचे दगड रोवले गेले होते. कोपऱ्यात मात्र त्यानं तारेचं कुंपण घातलं होतं. आत गवत होतं, बाहेर तुती. "हे ठेवनार," तो म्हणाला. "मी हाय तवर ठेवनार. पोरांचं सांगता येत न्हाई."

मग जरा बाजूला सरकून तो पाळकांना म्हणाला, "तुमचं काय म्हनायचं ते म्हना आता. दोघींसाटी म्हना."

पाळकांनी टोपी काढली. या वेळी तो बांधावर थांबला नाही. आमच्याबरोबर आत उभा राहिला, हात छातीशी धरून. पाळकांनी लेकीचं नाव घेतलं, मग आईचं. पाळकीणबाई रडत होत्या. प्रार्थना संपल्यावर आम्ही आमेन म्हटलं. चुलता खाली वाकला, कुंपणाची सैल झालेली तार खुंट्याला पुन्हा घट्ट गुंडाळली आणि आम्हाला वाट करून दिली.